बोस्टनचा बर्फ आणि लालबागची चौकट

मित्रहो, आमच्या घरातला मोजायचा टेप वापरून पुन्हा जागेवर ठेवणारा मनुष्य अजून जन्माला यायचा आहे, अशी माझी जाहीर तक्रार आहे. आज मला हा टेप दर तासाला लागतोय.

बोस्टनमध्ये हिमवादळ आलंय आणि माझी लेक तिथे नर्स आहे. सकाळी दीड फूट बर्फाचा अंदाज होता, म्हणून मी दाराच्या चौकटीवर तेवढ्या उंचीला पेन्सिलीने रेघ मारली. दुपारी अंदाज दोन फुटांवर गेला. आता तीन.

शेजारचे सावंतकाका गॅलरीतून म्हणाले, "काय रे, लालबागात बर्फ पडूक लागलो की काय?"

बायको म्हणाली, "अहो, रेघा मारून वादळ थांबतं का?"

शास्त्राधार मलाही सापडलेला नाही.

पण याच चौकटीवर लेकीच्या उंचीच्या जुन्या रेघा आहेत. तीन फुटांच्या रेघेशेजारी माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'वय वर्षे तीन'.

तिकडे उजाडायच्या आत ती गाडी घेऊन ड्यूटीला निघाली. वाट वीस मिनिटांची. "पोचले की कळवते" या मेसेजला दोन तास झालेत.

तिकडे तुमचं कुणी असेल तर रस्ते चालू आहेत का, तेवढं विचाराल? मला भीती वाटतेय.