ओल्या ओट्याला शोभेल असा रंग

जरीपटक्यात आम्ही घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघरातला ओटा सोडला तर त्या घरात बघण्यासारखं काही नव्हतं. आधीच्या मालकाने मोठ्या हौसेने तो बसवून घेतला असावा. हिरवट कोट्याची जाड फरशी, घासून गुळगुळीत केलेली, कडा बोटांना लागू नयेत म्हणून गोल केलेल्या. भिंतींवर मात्र त्याची हौस संपलेली दिसत होती. अर्धी भिंत धुराने काळी आणि अर्धीवरून जुन्या निळ्या चुन्याचे पोपडे लोंबत होते. माझे यजमान कोराडीच्या वीज केंद्रात होते. त्यांच्या मते पांढरा चुना मारला की झालं, एका रविवारचं काम.

त्याच महिन्यात सासूबाई गावाहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. सासरे गेल्यावर शेत थोरले दीर बघत होते. माझं माहेर याच शहरातलं, धरमपेठेतलं, लग्नाला दीड वर्ष झालेलं, आणि सासूबाईंशी माझं बोलणं ‘चहा ठेवू का’ आणि ‘ठेव’ याच्या पलीकडे फारसं गेलं नव्हतं. त्या मुळातच कमी बोलत. मला वाटायचं, मी त्यांना आवडत नाही. त्यांना काय वाटायचं ते मला पुष्कळ नंतर कळलं. शहरातल्या शिकलेल्या सुनेशी बोलताना आपलं काही चुकेल, अशी त्यांना धास्ती होती.

आयुष्यभर त्यांनी चुलीपुढे बसून स्वयंपाक केला होता. पहिल्या सकाळी त्या ओट्याशी उभ्या राहिल्या, दोन्ही तळवे फरशीवर टेकवले आणि गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत राहिल्या. मग पुसायला म्हणून त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं, आणि मला हाक मारली.

“इकडं ये वं पोरी. हा दगड पाह्य.”

मी पाहिलं. कोरडी असताना राखेसारखी मळकी दिसणारी फरशी पाण्याखाली गर्द हिरवी झाली होती. मध्येच तपकिरी रेषा उमटल्या होत्या, पानावरच्या शिरांसारख्या. पाणी सुकलं की ते सगळं मिटायचं. सासूबाईंनी पुन्हा पाणी ओतलं. मग मी ओतलं. दोघी बराच वेळ तोच उद्योग करत बसलो, आणि चहा उतू गेला.

त्यानंतर पांढऱ्या चुन्याचं नाव काढायची सोय राहिली नाही. भिंत या दगडाला शोभेल अशीच हवी, यावर आमचं एकमत झालं. पण कोणत्या दगडाला, ओल्या की कोरड्या? मी म्हटलं, कोरड्या. दिवसाचा जास्त वेळ तो कोरडाच असणार. सासूबाईंनी मान हलवली. ज्या घरात कोणी जेवत नाही त्या घरातला ओटा कोरडा, असं त्यांचं म्हणणं. जेवायला बसलेल्या ह्यांना मत विचारलं तर ते म्हणाले, दगड काही तक्रार करणार नाही. त्यावर सासूबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते पदरात लपवलं. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते.

आमच्या बाजारात चुना होता, नीळ होती आणि लोखंडी फाटकांना मारायचा गडद हिरवा तेलरंग होता. रंगांचं कार्ड दाखवणारं दुकान माझ्या माहितीत एकच, धरमपेठेतलं. ओटा तर नेता येणार नव्हता. पण परसात त्याच फरशीचा एक उरलेला तुकडा सापडला, पोळपाटाएवढा. तो धुऊन पिशवीत घातला. सासूबाईंनी पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या घेतला आणि आम्ही बसमध्ये बसलो.

कंडक्टरला पिशवीचा आकार विचित्र वाटला असावा. आत काय आहे, त्याने विचारलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “दगड हाये. त्याले रंग पसंत कराले नेऊन राहिलो.”

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे पाहिलं, आणि आणखी काही न विचारता दोन तिकिटं फाडून दिली. तो पुढे गेला आणि मला हसू फुटलं. मी खिडकीकडे तोंड केलं. दोघींच्या मांडीवरची पिशवी हलायला लागली म्हणून वळून बघते तो सासूबाईंचे खांदे गदगदत होते. बर्डीचा थांबा येईपर्यंत आम्ही एकमेकींकडे पाहायचं टाळलं. पाहिलं की पुन्हा सुरू व्हायचं. उतरताना माझ्या पोटात दुखत होतं.

दुकानदार चष्मा लावलेले, वयस्कर, अगदी गंभीर गृहस्थ होते. सासूबाईंनी त्यांच्यासमोर दगड ठेवला आणि त्यावर पाणी ओतलं. पाणी फळीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावरून वाहत त्यांच्या बाहीपर्यंत गेलं. ते काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात दगड हिरवा झाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि कार्डांचा गठ्ठाच बाहेर काढला.

कार्डावर रंगांचे लहान लहान चौकोन आणि खाली इंग्रजी नावं. मी नावं वाचायची आणि सासूबाई आजूबाजूचे चौकोन अंगठ्यांनी झाकून मधला तेवढा न्याहाळायच्या. मग त्याला स्वतःचं नाव द्यायच्या. हा सोललेल्या संत्र्यावरच्या पांढऱ्या सालीचा. हा कोवळ्या हुरड्याचा. हा आजारी माणसाच्या डोळ्यांचा, नको. बिजागऱ्या घ्यायला आलेले एक गृहस्थ बिजागऱ्या विसरून आमच्यात सामील झाले. त्यांनी फिका हिरवा सुचवला.

“वटा हिरवा, भिंत हिरवी,” सासूबाई म्हणाल्या. “मंग मी कुठी दिसीन?”

गृहस्थांनी सूचना लगेच मागे घेतली.

तासभर गेला. दगडावर चार वेळा पाणी ओतून झालं. मी म्हटलं, “आई, आता ठरवा. बस निघून जाईल.”

त्यांनी कार्डावरून नजर काढली नाही. हळूच म्हणाल्या, “मले आजवर कोनं पुसलंच नाई, तुले कोनता रंग पाह्यजे म्हनून. लुगडी तुहे सासरे आनत. भिंती मातीच्या. आता पुसलं तं जरा पाहू दे.”

मी दुकानदारांकडे स्टूल मागितलं आणि बसून राहिले. बसचा विषय पुन्हा काढला नाही.

शेवटी सासूबाईंनी सगळी कार्डं बाजूला सारली. यात नाही, म्हणाल्या, पऱ्हाटीच्या फुलाचा पाहिजे. कपाशीचं फूल. मला वाटलं, झालं, आता दुकानदार चिडणार. पण ते फळीवर रेलले. ते मूळचे काटोलकडच्या शेतकरी घरातले निघाले. त्यांनी अगदी मन लावून विचारलं, “सकाळचं का संध्याकाळचं?” कारण ते फूल उमलताना फिकट पिवळं असतं आणि पुढे गुलाबी होत जातं. सासूबाईंचा चेहरा असा उजळला, जणू माहेरचं माणूस भेटलं. पुष्कळ विचार करून त्या म्हणाल्या, “सकाळचं. उन्हं वर आल्यावरचं.”

दुकानदारांनी पांढऱ्या डिस्टेंपरच्या भुकटीत चिमूट चिमूट पिवळा आणि कणभर लाल घालून, ओल्या दगडाशेजारी कागदावर कोरडीच फासून फासून तो रंग जमवला.

दुसऱ्या दिवशी ह्यांची सकाळची पाळी. रविवारची वाट कोण बघणार? पोपडे खरवडले, भुकटी गरम पाण्यात कालवली आणि ब्रश बुडवला. पहिला पट्टा भिंतीवर उठला तो चक्क हळदीसारखा पिवळाजर्द. दुसराही तसाच. आम्ही घाबरलो, पण बादली भरलेली होती. अर्धी भिंत झाल्यावर सासूबाईंच्या नाकावर थेंब, माझ्या कानात थेंब, आणि एकमेकींना बघून जे हसायला लागलो ते खाली बसूनच. दुपारी हे कोराडीहून राखेने माखून आले, दारात थबकले आणि त्यांनी विचारलं, हळद कोणाची आहे? आम्ही पुन्हा हसायला लागलो.

वरपर्यंत आमचे हात पोचत नव्हते. ह्यांनी अंग न धुताच ब्रश उचलला. भिंतीवर एक राखेचा पंजा उमटला, आईची बोलणी खाल्ली, आणि त्यावर स्वतःच रंग ओढला. मग आम्ही तिघं चहाचे कप घेऊन भिंत वाळताना बघत बसलो. खिडकीच्या बाजूने रंग हळूहळू फिका होत आत सरकला. संध्याकाळी सासूबाईंनी ओट्यावर पाणी ओतलं. फिकट पिवळ्या भिंतीखाली ती हिरवी फरशी अशी काही दिसली की मी मान्य करून टाकलं, ओला दगडच बरोबर होता. सासूबाई दाराबाहेर जायच्या, पुन्हा आत येऊन बघायच्या. असं तीनदा.

तीनचार दिवसांत ही बातमी शेजारच्या सिंधी बाईंपर्यंत पोचली. त्यांना मराठी येत नव्हती आणि सासूबाईंना वऱ्हाडीशिवाय काही येत नव्हतं. बाई आल्या, भिंत पाहिली, सासूबाईंचा हात धरून आपल्या घराकडे बोट दाखवलं. मी कोपऱ्यात रंगाचा दुसरा हात मारत होते. पाच मिनिटं थांबा, मीही येते, असं म्हणेपर्यंत सासूबाई पदर खोचून, चपला घालून, त्यांच्याशी जोरजोरात बोलत फाटकाबाहेर गेलेल्या होत्या.