फ्रीजमधला कोपरा

परवा पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये नवा फ्रीज आला. दार उघडताच रबराचा वास आला आणि मला दापोडीचा आमचा पहिला फ्रीज आठवला.

वडिलांच्या कंपनीच्या बोनसमधून घेतलेला तो फ्रीज गल्लीत एकुलता एक होता. त्यामुळे सगळ्यांचं दूधदही आमच्याकडेच यायचं, नावं कोरलेल्या स्टीलच्या भांड्यांतून. आमचं पातेलं कसंबसं एका कोपऱ्यात बसायचं. "घर हाय का डेअरी?" आई करवादायची.

पुढच्या दोनतीन दिवाळ्यांत घरोघरी फ्रीज आले आणि एकेक भांडं परत गेलं. शेवटी शेजारच्या शेवंताकाकू आपला डबा न्यायला आल्या.

"आमचा बी आला, वैनी. आता तुमाला तरास न्हाई."

"बरं झालं," आई म्हणाली.

त्या गेल्यावर तिने आमचं पातेलं मोकळ्या कप्प्याच्या मधोमध ठेवलं. दार उघडं ठेवून ती जरा वेळ बघत राहिली. मग पातेलं उचलून तिने पुन्हा कोपऱ्यात सरकवलं. मला तेव्हा हसू आलं होतं.

इथे मजल्यावर चार घरं आहेत आणि चार फ्रीज. तरी परवा दुधाचं पातेलं ठेवताना माझा हात कोपऱ्याकडेच गेला.