हात लावू नको

माझी ताई फटकळ. घरात तिचं नाव 'हात लावू नको' असंच पडलंय. तिच्या टेबलाला, पेनाला, टॉवेलालासुद्धा कुणी हात लावायची सोय नाही. त्यात तिचा दोष निम्माच. ती औषध पोचवणारे कण बनवते. आत आरएनएचा इवलासा तुकडा, बाहेर चरबीचं वेष्टण. सगळं मिळून केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक. उघडं बोट नुसतं लागलं, तरी त्यावरचे एन्झाइम त्या तुकड्याचा फडशा पाडतात. म्हणून प्रयोगशाळेत तिचे हातमोजे निघत नाहीत, आणि घरी आली तरी धाक तोच.

मला एक आजार आईकडून आलाय. यकृत एक बिघडलेलं प्रथिन बनवतं, ते नसांत साचत जातं. पावलं बधिर झालीत, आता बधिरपणा पोटऱ्यांकडे चढतोय. ताईचा आरएनए ते प्रथिन बनूच देणार नाही. गेलेली जाणीव परत यायची नाही, पण निदान पुढचं तरी वाचेल. हे औषध साधावं म्हणून ती जिवाचं रान करतेय, हे मला ठाऊक आहे. ती तसं बोलून दाखवत नाही.

वाटेत आरएनएला धक्का लागू नये म्हणून ती वेष्टण घट्ट करत गेली. कण उंदरांच्या यकृतात सुखरूप पोचायचे, पेशीतही शिरायचे, आणि तिथे मिठाची गुळणी धरून बसायचे.

"पोचतात गं, पण आतलं सोडतच नाहीत," ती एकदा जेवताना कुरकुरली.

"कुणावर गेलेत, ते सांगायला हवं का?" मी म्हटलं.

ती रागावली, मग नाइलाजाने हसली. पुढे तिने चरबीच बदलली. पेशीतल्या आंबट कप्प्यात गेल्यावर सैल पडेल अशी घेतली. त्यावर बरेच महिने गेले.

काल ती बूट न काढताच आत आली.

"उतरलं. उंदरांच्या रक्तातलं ते प्रथिन उतरलं." मग लगेच म्हणाली, "माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील हं. तोवर तू..."

ती खाली बसली, माझा मोजा ओढून काढला आणि पाऊल मांडीवर घेतलं. उघड्या हातांनी, दोन्ही.

"कळतंय का?" तिने विचारलं.

"नाही," मी खरं ते सांगितलं. "पण हात काढू नको."