डांबराचा रस्ता आणि आईचे पाय

तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम निघालं आणि बोईसरकडे जाणाऱ्या मातीच्या वाटेवर डांबर पडू लागलं. माझी आई रोज डोक्यावर मासळीची टोपली घेऊन चिंचणीहून त्याच वाटेनं कामगारांच्या वस्तीत विकायला जायची. अनवाणी. टोपलीत लक्ष्मी असते, तिच्याखाली पायात चामडं घालायचं नाही, हे तिच्या सासूनं घालून दिलेलं. डांबर टाकणारे मजूर पायांना गोणपाट गुंडाळायचे, तर आई त्यांनाच हसायची. "माजे तळवे शिंपल्यांवर चालून घट झालेत," म्हणायची. मोठी आली घट्ट तळव्यांची!

एप्रिलातल्या एका दुपारी मी शाळेतून आले, तर आई मोरीत बसून कढत पाणी, राख आणि नारळाच्या काथ्यानं तळवे घासतेय. ओलं डांबर चिकटलं होतं. त्याच्यासकट कातडीही निघत होती.

"अगं, पाण्यानं ते जन्मात निघायचं नाही!" मी ओरडले. शास्त्राच्या मास्तरांनी नुकतंच शिकवलं होतं. रॉकेल, पेट्रोल, मेणबत्तीचं मेण, रस्त्याचं डांबर, सगळं एकाच खनिज तेलातून निघतं. सगळ्यांत मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन, फक्त कुणाची साखळी आखूड, कुणाची लांबलचक. आखूड असलं की पातळ, चटकन उडून जाणारं. लांब असलं की घट्ट नि चिकट. ही भावंडं एकमेकांत विरघळतात, पाण्याशी मात्र त्यांचं मुळीच जमत नाही. झालं, मी स्टोव्हच्या रॉकेलची बाटली घेऊन धावले. डांबर सुटायला लागलं, पण सोललेल्या जागी रॉकेल लागलं आणि आई अशी किंचाळली की शेजारीण धावत आली. "मेले, जीव घेतंस काय माजा!" मग खोबरेल घेतलं. तेही तेलच. वेळ लागला, पण झोंबलं नाही.

तळवे चिघळले. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा अनवाणी त्या रस्त्यावर गेलात तर पाय गमावून बसाल. आई नुसती चिडली, कारण बोईसरची तिची गिऱ्हाइकं दुसऱ्या बायकांकडून मासळी घ्यायला लागली होती.

बाबांनी पालघरहून रबराच्या सपाता आणल्या. "चामडं नाय, रबर हाय," ते म्हणाले. आईनं सपातांना हातसुद्धा लावला नाही. शेजारणी चिडवायच्या ते वेगळंच, मडमीण होणार म्हणून.

जखमा भरल्या. एका सकाळी तिनं टोपली भरली, सपातांत पाय घातले आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं, आता काढून फेकणार. तिनं टोपलीपुढे हात जोडले.

"रागावू नको बाय," ती म्हणाली. "पायच गेलं तर तुला डोक्यावर घेईल कोन?"