पूजेच्या गोळ्या

मुलुंडच्या नवसंकल्प सोसायटीत कुणाच्या घरी काय शिजतंय, याचा सुगावा गॅस पेटायच्या आधी शेजारणींना लागतो. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या श्वेताला दुसरं मूल नको आहे, ही बातमी तिथं केव्हाच शिळी झाली होती. गंमत म्हणजे ती पसरवली होती खुद्द श्वेतानंच.

तिचा मुलगा मुकुल शाळेत जायला लागला आणि लिफ्टमध्ये चौकशी सुरू झाली. वरच्या मजल्यावरची शीतल तर आधी हिच्या पोटाकडे बघायची आणि मग तोंडाकडे बघून गुड मॉर्निंग म्हणायची. "काय गं, दुसऱ्याचं कधी?"

"नको गं बाई! हा एकटाच चौघांना भारी आहे."

लिफ्टभर हशा. सगळ्यांचा विश्वास बसला. इतका पक्का बसला, की पुढे खरं सांगायची सोयच राहिली नाही.

खरं असं, की दोन वर्षं झाली, श्वेताला दुसरं हवं होतं आणि राहत नव्हतं. साकीनाक्याला तिचं ऑफिस. तिथून सुटली की ती घाटकोपरच्या एका डॉक्टरबाईंकडे जायची. मुलुंडमध्ये डॉक्टर नाहीत असं थोडंच आहे? पण मुलुंडच्या दवाखान्यात बाकड्यावर शेजारी कोण येऊन बसेल आणि संध्याकाळपर्यंत काय काय पोचवेल, याचा भरवसा नाही. बाईंनी तिला नीट समजावून सांगितलं. बीज वेळेवर सुटतंय, तिथं खोट नाही. पण त्यानंतरचे गर्भानं रुजायचे जे दिवस, तेच तोकडे पडतायत. प्रोजेस्टेरॉन लवकर ओसरतं, आतलं अस्तर टिकत नाही, आणि काही धरायच्या आत पाळी येऊन मोकळी होते.

"मग मुकुलच्या वेळी कसं जमलं?"

"शरीर बदलतं हो," बाई म्हणाल्या आणि महिन्याच्या उत्तरार्धात घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या.

सौरभला, म्हणजे नवऱ्याला, हे सगळं ठाऊक होतं. माणूस वाईट नाही. "एक आहे ना आपल्याला? काहींना तेही नसतं," असं पहिल्यांदा तो म्हणाला ते तिचा हात हातात घेऊन. दुसऱ्यांदा म्हणाला ते मोबाइलवरची नजर न हलवता. ज्यांना एकही नाही, त्यांच्यासाठी निदान लोक चुकचुकतात. एक असलेल्या बाईनं रडायचं तर नळ सोडून बाथरूममध्येच.

उरल्या सासूबाई, रत्नप्रभा. कणकवलीकडच्या. उभा जन्म मुंबईत गेला तरी मालवणी सोडली नाही. बाई मायेची, पण त्यांच्या पोटात बांगड्याचं तिखलं राहायचं, गोष्ट राहायची नाही. त्यांना सांगणं म्हणजे सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावणं.

तेव्हा गोळ्या लपवायच्या कुठे? श्वेतानं जागा मोठी फर्मास शोधली. गौरी-गणपतीत पाळी आली तर सुनेला गौर आणता येत नाही, म्हणून ती पुढे ढकलायच्या गोळ्या या घरात दरवर्षी येत. सासूबाई त्यांना 'पूजेच्यो गोळये' म्हणत आणि तिरफळांच्या बरणीमागे ठेवत. यंदा श्वेता म्हणाली, "आई, मीच आणल्यात," आणि डॉक्टरबाईंचं पाकीट सरळ तिथंच ठेवून दिलं.

आणि मग मजाच सुरू झाली. जेवणं आटोपली की रत्नप्रभाबाई स्वतः पाण्याचा पेला घेऊन हजर. "गोळी घेतलंस काय गो? इसरा नको हां."

श्वेता गोळी गिळायची. या दोन वर्षांत तिच्या उपचाराची घरात कुणी रोज विचारपूस करावी, असं पहिल्यांदाच घडत होतं. भलत्या कारणासाठी का होईना, पण घडत होतं. एकदा तर गोळी आधीच घेतली असूनही ती ते पाणी पुन्हा प्यायली.

गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. दुसऱ्या संध्याकाळी ऑफिसातून येऊन श्वेतानं बरणीमागे हात घातला. हाताला फक्त फळी लागली.

"आई, गोळ्या?"

"त्यो? शीतलाक दिलंय," रत्नप्रभाबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "तिच्याकडे सत्यनारायण आसा परवा. तुझा काम झाला ना गो?"

श्वेता तशीच वर धावली. शीतलनं दार उघडलं आणि सवयीनं आधी खालीच बघितलं.

"शीतल, त्या गोळ्या घेऊ नकोस हं. त्या... जुन्या आहेत. तारीख उलटलीये."

"अय्या! आणि काकूंनी मला दिल्या? बरं झालं यार सांगितलंस. मी त्या टाकूनच दिल्या. मला चालतात त्या वेगळ्याच असतात. पण तू धापा काय टाकतेयस? लिफ्ट बंद आहे की काय?"

"नाही गं. व्यायाम," श्वेता म्हणाली. दोघी हसल्या.

नाक्यावरच्या केमिस्टकडे जावं, तर तो शीतलच्या नवऱ्याचा जिगरी. त्या दिवशीची गोळी चुकली. दुसऱ्या दिवशी घाटकोपरहून तिनं नवं पाकीट आणलं. डॉक्टरबाईंना मेसेज केला, त्यांचं उत्तर आलं: एखादी चुकली तर काही बिघडत नाही, पुढे चालू ठेवा. ती चालू ठेवत गेली. आता पर्समधून काढून, नळाचं पाणी ओंजळीत घेऊन.

त्याच आठवड्यात, गोळ्या चालू असतानाच, पाळी आली.

या घरात ते सांगायची एक रीत आहे. संध्याकाळी श्वेता स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "आई, आज देवाजवळ दिवा तुम्ही लावा."

रत्नप्रभाबाईंचा चेहरा खुलला. "इली? बरा झाला गो! गौर गेल्यार इली. शाणी ती शाणी!"

एरवी श्वेता हसली असती. हसायचा सराव होताच. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "आई, त्या गोळ्या पूजेच्या नव्हत्या."

"मगे कसल्यो?"

तिनं सांगितलं. दाराच्या चौकटीला टेकून, चार वाक्यांत. कुणीतरी आपल्याला जवळ घेईल, एवढंच त्या क्षणी तिच्या मनात होतं.

रत्नप्रभाबाई मटकन स्टुलावर बसल्या. "म्हणजे मिया... मिया त्यो शीतलाक दिलंय... माझ्या हातान घडला गो ह्या!" आणि पदर तोंडाला लावून त्या अशा रडायला लागल्या, की श्वेताला दोन पावलं पुढे जावंच लागलं.

"नाही हो आई. एका गोळीनं काही होत नाही. डॉक्टर म्हणाल्या तसं."

"माका कित्याक सांगलंस नाय?"

"चुकलं माझं. रडू नका ना. तुमचं बीपी वाढेल."

तिनं त्यांची पाठ चोळली, पाणी दिलं, खोलीत नेऊन पडायला लावलं. मग पोटातली कळ दाबत भात लावला.

सौरभ आला, आत डोकावला आणि पाय न वाजवता ओट्याशी आला.

"आईला काय झालं गं? डोळे एवढे सुजलेत."

"जरा थकल्यात," श्वेता म्हणाली. "हात धू. वाढते."