देवळाची पांढरी भिंत

पुण्यातल्या कला महाविद्यालयातली कायमची नोकरी मी सोडली, तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, "डोकं फिरलंय तुझं." फिरलं असेल. वर्षानुवर्षं मुलांच्या चित्रांना मार्क द्यायचे, मीटिंगा करायच्या, स्वतःचं चित्र सुट्टीत. वैताग आला आणि राजीनामा दिला. त्यात थोर असं काही नव्हतं.

शिरूरला मार्केट यार्डामागं एक गाळा भाड्यानं घेतला. कांद्याच्या वासात काम सुरू झालं. पुढं वडगाव रासाईत ओळखी झाल्या आणि देवळाची बाहेरची लांब भिंत रंगवायला मिळाली. तिथल्या धनगरांच्या मागच्या पिढ्या मेंढरं घेऊन फिरायच्या. आता बहुतेक जण ऊस लावतात. मी खडूनं कळप आखून दिला, रंग गावानं भरले. बाया तर मेंढरांवरून भांडल्या. "ए भवाने, माझ्या मेंढीला हात लावू नगंस!" हिवाळाभर हे चाललं. नोकरी सोडल्यावर चार लोकांना दाखवावं असं तेवढंच होतं माझ्याकडं.

चैत्रात भाऊ ते बघायला आला. एसटीतून उतरलो, देवळाला वळसा घातला, तर भिंत पांढरीफेक. चुना अजून ओला होता. भावानं चुन्याला बोट लावून बघितलं.

देवळाचं बघणारे आबा कट्ट्यावर बसले होते. मी तावातावानं गेले. "आबा, हे कुणी केलं?"

"आमीच की. जत्रा आली न्हवं? जत्रंच्या आदी दरसाली चुना देतो."

"अहो, पण चित्र होतं ना त्यावर!"

"व्हय, लई झ्याक हुतं. म्हनून तर चुन्याचं दोन हात दिलं. खालचं दिसलं तर तुमाला नवं काढाया अडचन."

माझ्या रागाचं काय करायचं ते त्यांना कळेना. मला तर रडूच यायला लागलं होतं. आबांनी सरकून भावाला बसायला जागा केली आणि मला म्हणाले, "बाया कवाच्या इचारत्यात, बाई कवा येनार म्हनून. आता काय काढायचं?"

कॉलेजात इतकी वर्षं गेली, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"अगं, सांग की त्यांना," भाऊ म्हणाला. "वाट बघतायत ते."