पानी अंकल

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मी त्यांना मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या जहाजावर तीन रात्रींसाठी घेऊन गेले. नवऱ्याला रजा नव्हती, मुलीची परीक्षा होती, त्यामुळे आम्ही तिघंच. बाबा वसईजवळच्या जूचंद्रचे. तरुणपणी मिठागरावर राबले, पुढे भातशेती केली. आता शेतही नाही. तिथल्या जमिनींवर टॉवर उभे राहिलेत आणि तसल्याच एका टॉवरमध्ये, नायगावला, मी राहते.

पहिल्या दुपारी जहाज सुटलं तेव्हा बाबा कठड्याशी उभे होते. पाण्याकडे बघत ते शेजारच्या माणसाला म्हणाले, "ओहटी लागली." तो पुण्याचा, बायको आणि नातवाला घेऊन आलेला. त्याने विचारलं, कसं कळलं? मग बाबांनी त्याला भरतीचं पाणी आगरात कसं घ्यायचं, ते उन्हात कसं आटतं, मीठ कधी धरतं, असं सगळं सांगितलं. बघता बघता सात-आठ माणसं जमली. बाबांना इतकं बोलताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

जहाज हाकतो कॅप्टन. पण प्रवाशांनी सकाळी कुठे जमायचं, संध्याकाळी काय बघायचं आणि कशावर हसायचं, हे ठरवतो तो क्रूझ डायरेक्टर. हे मला त्या संध्याकाळी कळलं. आमच्या जहाजावरचा डायरेक्टर पस्तिशीचा, चमकत्या कोटातला, बोलण्यात कमालीचा चलाख. जुन्या जोडप्यांचा खेळ म्हणून त्याने आईबाबांना स्टेजवर बोलावलं आणि माईक बाबांच्या तोंडापुढे धरला.

"अंकल, आंटी को पहली बार कहाँ देखा?"

बाबांनी खरं ते सांगितलं. "मिठागरान. ती डोक्यावर पाटी घेऊन चालली व्हती, मी पानी सोरीत व्हतो."

डायरेक्टरने प्रेक्षकांकडे बघितलं. मग नाकातून आवाज काढून, कंबर वाकवून, त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. "पानी सोरीत व्हतो!" वाद्यवाल्याने ढोलावर थाप मारली. सभागृहात हशा पिकला. त्याने आणखी दोनदा म्हटलं, लोकांकडून म्हणवून घेतलं आणि बाबांचं नाव ठेवून टाकलं, पानी अंकल. बाबांना वाटलं, आपल्याला काहीतरी बक्षीस मिळतंय. तेही हसले.

मीही हसले. तोंडावर हात धरला होता, पण हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनच्या भिंतीतल्या स्पीकरवरून त्याचा आवाज आला. गुड मॉर्निंग, आजचे कार्यक्रम, आणि शेवटी, "पानी अंकल, उठ गए क्या? नाश्ता तैयार है." नाश्त्याला गेलो तर चार टेबलांवरून हाका आल्या. पुण्याचा तो नातू पळत येऊन म्हणाला, "पानी अंकल, पानी सोडा ना!" त्याचे आजोबा लांबून हात हलवत होते. आदल्या दिवशी हाच माणूस बाबांना प्रश्नांवर प्रश्न विचारत होता. कोणीही दुष्ट नव्हतं. एका माणसाने माईकवरून त्यांना शिकवलं होतं की या म्हाताऱ्याकडे कसं बघायचं, आणि त्यांनी ते शिकून घेतलं होतं.

वेटर आला. बाबांनी मान खाली घालून रिकामा ग्लास पुढे सरकवला. मग प्रत्येक अक्षर जपून उच्चारत म्हणाले, "मला पाणी द्या."

पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने तो ण जिभेवर आणायला केलेली धडपड मी समोर बसून पाहिली. मी तो ण वसईच्या शाळेत शिकले होते, बाईंचा ओरडा खाऊन. आणि नायगावच्या घरच्या पूजेला ऑफिसचे लोक येणार होते तेव्हा मीच बाबांना म्हटलं होतं, "बाबा, आज जरा नीट बोला." तेव्हा ते काही बोलले नव्हते. पाहुण्यांशीही बोलले नव्हते.

त्या दिवशी जहाज गोव्याला लागलं. बाबा म्हणाले, गुडघा दुखतोय, तुम्ही जाऊन या. आई म्हणाली, "मना गोवा बघाचा हाय," आणि बाकीच्या बायकांबरोबर गेली. मला तिचा राग आला, आणि मग रागावल्याबद्दल स्वतःचा.

मी डायरेक्टरला शोधून काढलं. रिकाम्या सभागृहात तो संध्याकाळची तालीम घेत होता. मी हिंदीत सुरुवात केली, तर तो मराठीत म्हणाला, "मॅडम, मराठीत बोला ना. मी विरारचा, चंदनसारला राहतो."

तो आमच्याच वसई भागातला, हे ऐकून माझा उरलासुरला तोल गेला. "म्हणजे तुम्हाला ती बोली माहीत आहे."

"माहीत आहे म्हणून तर जमली," तो म्हणाला. "अंकल तर पूर्ण जहाजावर फेमस झालेत. लोकांना मजा येते, मॅडम. वाईट हेतू नव्हता."

"माझे वडील केबिनमध्ये बसून आहेत. जेवायला बाहेर यायला तयार नाहीत. ही तुमची मजा."

"मी त्यांना सॉरी म्हणतो."

"ज्या माईकवरून नाव ठेवलंत, त्याच माईकवरून म्हणा."

तो तालमीतल्या मुलींकडे बघून हसला. "तसं नाही होत, मॅडम. शोचा मूड जातो."

माझ्या वडिलांचा मूड गेला तर चालतो, शोचा जाता कामा नये. हे मी त्याला मोठ्याने सांगितलं, इतक्या मोठ्याने की एकजण दार लोटून आत डोकावला. डायरेक्टर शांत होता. त्याला चिडलेल्या प्रवाशांची सवय असणार.

संध्याकाळी तो केक घेऊन केबिनवर आला. सोबत फोटोग्राफर. बाबा उठून उभे राहिले, त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि जपून जपून म्हणाले, "बसा. आपण कशाला त्रास घेतला?" त्याने वाकून नमस्कार केला. फोटो निघाला. तो माफी मागायला आला होता, पण तो शब्द त्याच्या तोंडून शेवटपर्यंत निघाला नाही. मी दार उघडून धरलं आणि तो जाईपर्यंत तशीच उभी राहिले.

"कशाला भांडतंस, बाय," तो गेल्यावर बाबा म्हणाले. "त्याचा पन पोट हाय."

"बाबा, काल मीही हसले होते."

"बघला मी," ते म्हणाले, आणि केकचा तुकडा आईसाठी बाजूला काढून ठेवला.

घरी आल्यावर मी कंपनीला दोन पानांची तक्रार लिहिली. उत्तर आलं. माझ्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल त्यांनी आभार मानले होते, आणि पुढच्या सफरीचं आमंत्रण दिलं होतं. खाली फोटो होता. चमकत्या कोटातला तो, केक, आणि शेजारी हात जोडलेले माझे बाबा.

मागच्या महिन्यात डबा खाताना ऑफिसमधल्या मैत्रिणीने विचारलं, ती सासूसासऱ्यांना त्याच जहाजावर नेणार आहे, कसं आहे? मी म्हटलं, समुद्र सुंदर आहे, जेवण उत्तम, खोल्या स्वच्छ, आणि मग हे सगळं तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "अगं, पण त्याने प्रेमानेच चिडवलं असेल. तू फार मनाला लावून घेतेस."

मी डब्याचं झाकण लावलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. आता आम्ही दोघी एकत्र जेवत नाही.